फेरिक क्लोराइडच्या डब्यावरचा आकडा कसा वाचायचा

मघाशी मागून कोणीतरी विचारलं की फेरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाणी साफ करायला आणि तांबं कोरायला वापरतात त्या लोखंड-क्लोरीनच्या क्षाराच्या, लेबलवर ९८ टक्के लिहिलंय म्हणजे माल एक नंबरच ना, तर त्यावरच बोलतो आधी. ९८ टक्के कशाचे, हे बघा. पिवळसर तपकिरी खडे असतील तर ते हेक्साहायड्रेट, म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे सहा रेणू, आणि वजनात चक्क ४० टक्के पाणीच. म्हणजे डबा ९८ टक्के शुद्ध असला तरी खरं फेरिक क्लोराइड साधारण ५९ टक्के! अॅनहायड्रस, म्हणजे बिनपाण्याचं, वेगळं, ते काळपट हिरवं दिसतं, झाकण उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. आणि खडे तापवून ते मिळेल असं वाटत असेल तर विसरा, पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक अॅसिडही उडतं आणि मागे भलतंच काहीतरी उरतं.

आता उरलेले दोन टक्के. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. हा माल बऱ्याचदा स्टीलच्या पिकलिंगमधून, म्हणजे अॅसिडने गंज काढण्यातून, निघालेल्या अॅसिडपासून बनतो, त्यातल्या फेरस क्लोराइडमध्ये, म्हणजे कमी क्लोरीनवाल्या भावंडात, क्लोरीन वायू सोडून त्याचं फेरिक करतात, त्यामुळे स्टीलमधलं मँगनीज, क्रोमियम वगैरे सोबत येऊ शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी वापरायचं तर शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांच्या मर्यादा बघाव्याच लागतात, युरोपात त्यासाठी ईएन ८८८ नावाचं स्टँडर्डच आहे. फेरस जास्त राहिलं तर ते नीट खाली बसत नाही, पाण्यात विरघळूनच राहतं. फ्री अॅसिड, म्हणजे मालात मोकळं उरलेलं अॅसिड, जास्त असलं की पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे अॅसिड झेलायची ताकद, खातं, मग चुना वाढवा. बाकी पाणी साफ करायचं काम सोपं आहे, लोखंडाचा हायड्रॉक्साइड तयार होतो, त्याच्या गुठळ्या गढूळपणा पकडून तळाला जातात, सांडपाण्यातला फॉस्फेटही तसाच निघतो.

लॅबमध्ये फिनॉलची टेस्ट सगळ्यांनी केलीच असेल, दोन थेंब टाकले की जांभळा रंग, ते हेच. त्यावर जास्त बोलत नाही.

पीसीबी एचिंगवाले, म्हणजे सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढणारे, किती जण आहेत इथे? बरेच दिसतायत. तुम्हाला एआर ग्रेड, म्हणजे लॅबच्या तपासणीसाठीचा जास्त शुद्ध माल, लागत नाही हो, उगाच पैसे घालवू नका, टेक्निकल, म्हणजे कारखान्याच्या वापराचा साधा माल, चालतं. फेरिक तांब्याला खातं, स्वतः फेरस होतं, तांब्याचं क्लोराइड पाण्यात उतरतं, सोल्यूशन तपकिरीचं हिरवट व्हायला लागलं की त्याचा दम संपत आला समजा. कोमट ठेवा आणि हलवत राहा, पटकन होतं. भांडं प्लास्टिकचं, चिमटाही प्लास्टिकचा, स्टीलचा घातलात तर तोही खाईल. खडे पाण्यात टाका, खड्यांवर पाणी ओतू नका, आणि अॅनहायड्रस असेल तर फारच सांभाळून, भयंकर तापतं आणि अॅसिडची वाफ येते. गॉगल, हातमोजे घालाच, कपड्यावर पडलं तर डाग जाता जात नाही.

आणि वापरलेलं सोल्यूशन प्लीज बेसिनमध्ये ओतू नका, त्यात तांबं असतं, माशांना ते विषच, शिवाय लोखंडी पाईप खातं ते वेगळंच. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून लेबल लावून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. हां, आता पुढचा प्रश्न.