न्हाणीतून पडवीत

(माळ्यावरून बंब उतरवताना)

हा बंब. तांब्याचा. उतरवायला दोघं लागले. नागपूरच्या महाल भागातल्या या घरात तो कित्येक वर्षांत पेटलेला नाही, पण आजी मोडीत काढू देत नाहीत.

मधोमध हे नळकांडं पाहा. खाली जाळी, जाळीवर गोवरी आणि लाकडाचे ढलपे. नळकांड्याभोवती पाणी. जाळ वर चढताचढता पाणी तापवायचा आणि धूर वरच्या तोंडातून निघून जायचा. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर. बंबाची जागा अंगणात, फार तर न्हाणीच्या दाराबाहेर.

आत का नाही, असं आजींना विचारलं. ‘आत कोण पेटवते बाप्पा? डोळे नाही फुटत काय धुरानं?’

गॅस गिझरच्या धुरानं डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून तो आत आला.

(न्हाणीची भिंत, मग छत)

आम्ही पोहोचलो तोवर मिस्त्रींनी जुना गिझर काढून ठेवला होता, त्यामुळे तो दाखवता येत नाही. मागे स्क्रूची दोन भोकं राहिलीत, आणि छताला हा हातभर काळपट डाग. धूर बाहेर नेणारा पाइप कधी लावलाच नव्हता. टाइल नव्या होत्या, फुटतील म्हणून. वरच्या झरोक्यात पुठ्ठा कोंबलेला आहे. त्यासाठी कुणाला हसू नये. नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक सगळीकडे होतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. कूलर काढला की खिडकीला प्लायवूड आणि झरोक्याला पुठ्ठा, हा इथला घरोघरीचा हिवाळा.

आता या न्हाणीचं माप घ्या. चार बाय पाच, उंची आठ फूट. हवा मावते साडेचार हजार लिटर. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण किलोभर गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस नीट जळायला बारा हजार लिटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला दोन हजार लिटर. जवळजवळ अर्धी न्हाणी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, तो मुद्दाम मिसळलेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीनं चिकटतो. मागच्या जानेवारीत या घरातली सून न्हाणीत कोसळली, दार तोडावं लागलं. ती आता बरी आहे. कॅमेऱ्यासमोर यायला मात्र तयार झाली नाही.

(मागची पडवी, कोअर कटिंग म्हणजे मशीननं भिंतीला गोल भोक)

नवा गिझर पडवीत लागतोय. न्हाणीत फक्त गरम पाण्याची लाइन जाईल. पडवी म्हणजे बाहेरच ना, मग धुराचा पाइप कशाला, हा काकाजींचा प्रश्न. मिस्त्रींनी बोट दाखवलं ते या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगकडे. डासांसाठी आणि धुळीसाठी पडवी काचेनं बंद केली, तेव्हाच ती खोली झाली.

पाइपाच्या भोकाची जागा दोनदा बदलली. पहिल्या खुणेच्या बरोबर वर माडीवरची झोपायची खोली, तिची खिडकी. दुसरीसमोर शेजाऱ्यांची. तिसरी पक्की. भिंत जुनी, जाड, चुन्यातली. मशीनला पाणी सोडलंय, लाल चिखल ओघळतोय. आणि हा निघाला दंडगोल, अख्खा. हातात घेऊन सगळ्यांनी पाहून घेतला, आम्हीसुद्धा.

पाइप गिझरच्या कॉलरच्या, म्हणजे धूर निघायच्या तोंडाच्याच मापाचा. घरात लहान मापाचा तुकडा पडला होता, मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही. आधी दीड-दोन फूट सरळ वर, मग एल्बो, आणि पुढचा आडवा तुकडाही बाहेरच्या बाजूला किंचित चढता. ‘पाण्याला उतार लागते जी, धुराला चढ लागते.’ बाहेरच्या तोंडाला टोपी, म्हणजे वारा उलटा आत शिरत नाही. सांध्यांना ॲल्युमिनियम टेप. सिलिंडरकडून नारिंगी सुरक्षा नळी, क्लॅम्प, साबणाचा फेस. फुगे आले नाहीत.

(अगरबत्ती, अगदी जवळून)

गिझर सुरू. ज्योत निळी. मिस्त्रींनी देवघरातून अगरबत्ती मागून घेतली, गिझरच्या डोक्यावरच्या फटीशी धरली. धूर आत ओढला गेला. काकाजी ‘झालं’ म्हणाले.

‘थांबा जी.’ मिस्त्रींनी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावायला सांगितला.

आता धुराकडे बघा. थबकला. वळला. आणि पाइपात जायचं सोडून आपल्याकडे येतोय. पंखा हवा ओढतो, पडवी बंद, मग ती हवा येणार कुठून? पाइपातून, उलटी. बहुतेक घरी ही परीक्षा कुणी घेत नाही. अगरबत्ती घरोघरी असते.

स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतली काच काढली, तिथं जाळी बसली. कायमची उघडी, सरकवून बंद करता येणार नाही अशी.

‘मग थंडी नाही येणार का जी?’

‘येईन ना. येऊ द्या.’

पंखा चालूच आहे. अगरबत्ती पुन्हा फटीशी. धूर क्षणभर डुलतो आणि आत जातो. न्हाणीत वीस लिटरची बादली चारेक मिनिटांत भरली. आजी बोट बुडवून बघताहेत.