पात्यांविना पवनवीज

श्रोतेहो, नमस्कार.

पवनचक्कीत वारा पाती फिरवतो आणि पाती जनित्राला फिरवतात. फिरणारे हे सगळे भाग वगळून वाऱ्यापासून थेट वीज मिळवता येईल का, या प्रश्नावर अमेरिकेतील आल्विन मार्क्स यांनी गेल्या शतकातच पेटंटे घेतली होती. पुढे नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात धीरज जैराम यांनी प्रा. योहान स्मित यांच्यासमवेत त्यावर काम केले आणि २००८ साली आपला प्रबंध सादर केला.

त्यांच्या यंत्रात आडव्या नळ्यांची एक चौकट विसंवाहक, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या, आधारांवर उभी असते. नळ्यांच्या बारीक छिद्रांतून उच्च व्होल्टेजखाली पाण्याचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि जाताना धनप्रभार घेऊन जातात. चौकटीवर मागे राहिलेला ऋणप्रभार त्यांना परत ओढू पाहतो. परंतु वारा, चढणीवर गाडी ढकलावी तसा, त्या ओढीविरुद्ध थेंबांना दूर नेतो. थेंब शेवटी जमिनीला मिळतात, चौकट आणि जमीन यांच्यातील विभवांतर, म्हणजे व्होल्टेजमधला फरक, वाढत जाते, आणि वाऱ्याने केलेले काम विद्युत ऊर्जेच्या रूपाने हाती येते.

खरी गोम थेंबावरील प्रभाराच्या मापात आहे. प्रभार कमी असेल तर वारा थेंबाला सहज नेतो, पण त्यात काम फारसे होत नाही. प्रभार फार वाढवला तर थेंब वाऱ्याला न जुमानता चौकटीकडेच परततो. शिवाय ठरावीक मर्यादेपलीकडे प्रभारित थेंब फुटतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८२ सालीच दाखवले होते.

आता हिशेब पाहू. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ६०० वॅट शक्ती असते. १ लाख व्होल्टला १ मिलिअँपिअर प्रवाह मिळाला, तरी हाती येतात १०० वॅट, आणि त्यातूनच पाणी दाबाने सोडण्याचा व थेंब प्रभारित करण्याचा खर्च वजा करावा लागतो. पाती नसल्याने आवाज आणि हलती सावली टळते, हा फायदा खराच. पण केवळ तेवढ्यावर ही पद्धत पवनचक्कीची जागा घेईल, असे मला वाटत नाही. प्रभारित थेंबांच्या ढगाचे स्वतःचे विद्युत क्षेत्रही नव्या थेंबांना अडवते. आणि जे यंत्र अखंड पाणी फवारते, त्याचेच विसंवाहक आधार कोरडे राखावे लागतात, कारण त्यांच्यावर ओलावा साचला की मिळवलेला प्रभार तिथूनच जमिनीत झिरपून जातो.