पोस्टग्रेस टाकताना सुटून जाणारी ती एक वॉर्निंग

स्क्रीनवर हे जे भराभर सरकतंय ना ते इनिटडीबी, पोस्टग्रेसचा डेटाबेस पहिल्यांदा तयार करणारी कमांड. ओके, ओके, ओके... आणि इथे थांबवूया. ही ओळ बघा, लोकल कनेक्शनसाठी, म्हणजे त्याच मशीनवरून जोडणाऱ्यांसाठी, ट्रस्ट चालू करतोय अशी वॉर्निंग आहे, ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारताच आत घेणं. लगेच खाली सक्सेस येतं, नजर तिकडेच जाते आणि ही राहून जाते.

आता हा त्याच मशीनवरचा दुसरा साधा युजर, याला कसलेच अधिकार नाहीत. पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायची कमांड, चालवलं, युजरनेम पोस्टग्रेस दिलं, एंटर. पासवर्ड विचारलाच नाही! प्रॉम्प्टच्या शेवटी हॅश दिसतोय, म्हणजे हा थेट सुपरयुजर झाला, सगळे अधिकार असलेला.

२०१७ च्या सुरुवातीला असेच पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे असलेले मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसचे हजारो सर्व्हर पुसले गेले, मागे फक्त खंडणीची चिठ्ठी.

ही फाइल पीजी एचबीए डॉट कॉन्फ. कोण, कुठून, कुठल्या डेटाबेसला, कसा जोडणार ते सगळं इथे, आणि वाचायची पद्धत नीट समजून घ्या, वरून खाली जात जी ओळ पहिली जुळेल तीच लागू, तिथे नापास झालात तर पुढची बघितलीच जात नाही. म्हणजे टेस्टिंगपुरती म्हणून कोणी वर ट्रस्टची ओळ टाकली आणि ती तशीच राहिली, तर खाली कितीही कडक नियम लिहा, उपयोग शून्य.

आता इनिटडीबी परत, फक्त ऑथ, म्हणजे ओळख तपासायची पद्धत, म्हणून स्क्रॅम-शा-२५६ ही पासवर्डची पद्धत सांगितलीय. बघा, सुपरयुजरचा पासवर्ड दिल्याशिवाय पुढेच जात नाही. खरं तर सुरुवातच अशी व्हायला हवी, ज्याला सैल सेटिंग पाहिजे त्याने ते स्वतः मागून घ्यावं. डेबियनच्या पॅकेजमध्ये लोकलला पीअर असतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा युजर कोण ते तपासूनच आत घेतात, ते केव्हाही बरं.

स्क्रॅम २०१७ मध्ये व्हर्जन १० ला आलं, १४ पासून नवे पासवर्ड त्याच पद्धतीने साठवले जातात, आणि लॉगिन करताना पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. जुन्या सर्व्हरवर मात्र एक काम उरतं, एमडी५ या जुन्या पद्धतीत साठवलेले पासवर्ड आपोआप बदलत नाहीत, ते एकेका युजरचे परत सेट करायचे आणि मगच फाइलमध्ये स्क्रॅम लिहून रीलोड द्यायचा, नाहीतर त्यांचं लॉगिन बंद पडतं.