चल रे, आपण जाऊ

मंडळी, विषय दिलाय ‘दादागिरीपुढे मुलांनी उभं कसं राहावं’. त्यावर येतेच, पण आधी एक आठवण.

पाचवीत आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. मधली सुट्टी झाली की मागच्या बाकावरचा एक दांडगट त्याची कंपासपेटी उंच धरायचा. “नाव सांग, मग देतो.” नाव ‘प’वरून. ओठ घट्ट मिटलेले, मान ताणलेली, कानाच्या पाळ्या लालभडक. भोवती आम्ही दहा-बारा जण हसतोय. मीही हसले आहे. ते हसू मजेचं नव्हतं, आपला नंबर लागू नये म्हणूनचं होतं.

त्याने बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, “तूही दे की एक ठेवून!” हा सल्ला लहानपणी कोणाकोणाला मिळालाय? हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह! माझा सगळा राग या सल्ल्यावर आहे. ज्याच्या तोंडून स्वतःचं नाव फुटत नाही, त्याला आपण एकट्याला लढायला पाठवतो.

मग एक दिवस खिडकीजवळची एक मुलगी उठली. भांडली नाही, दांडगटाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलाचं मनगट धरलं आणि म्हणाली, “चल रे, आपण जाऊ.” दोघं निघाले, त्यांच्यामागे आम्हीही. पेटी धरलेला हात वरच राहिला, बघायला कोणी उरलंच नाही. थोड्या वेळाने पेटी गुपचूप बाकावर आली.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भरभर सांगते. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी स्कॅन्डिनेव्हियात या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या खुणा तीन: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि दोघांचं बळ सारखं नसलेला. बळच सारखं नाही, तर ‘दे एक ठेवून’ कसं जमणार?

टोरांटोत शाळांच्या मैदानांवर चित्रण करून पाहिलं गेलं. २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ८८ प्रसंगांत बघी मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९मध्ये. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने ‘कीवा’ हा शालेय कार्यक्रम याच बघ्यांना धरून उभारला.

म्हणून घरी सराव घ्या. सोसणाऱ्याने एकच छोटं वाक्य मोठ्याने म्हणायचं, “थांब, मला हे चालणार नाही,” आणि माणसांच्या दिशेने निघायचं. बघणाऱ्याने सोसणाऱ्याशी बोलायचं, छळणाऱ्याशी नाही. मारहाण असेल तर मध्ये न पडता धावत मोठ्यांना आणायचं. मोठ्यांनी पूर्ण ऐकून घ्यायचं, ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न न विचारता.

पहिल्या रांगेतल्या मुलांनो, उठा बरं. शेजारच्याचं मनगट धरा. आता मोठ्याने म्हणा...