सोव्हिएत हेरांची नावे आणि त्यांमागची माणसे

मित्रहो, हेरगिरीच्या कथांमध्ये सांकेतिक नावाला फार मोठा मान मिळतो. नाव उलगडले की माणूस हाती लागला, असे आपण गृहीत धरतो. १९४०च्या दशकात सोव्हिएत संघाने अमेरिकेत जी हेरगिरी केली, तिची आज उपलब्ध असलेली कागदपत्रे वाचताना वेगळेच चित्र समोर येते. त्यांतली कित्येक माणसे ओळखली गेली ती नावामुळे नव्हे, तर नावाशेजारी कुणीतरी सहज लिहून ठेवलेल्या घरगुती तपशिलामुळे: बायको बाळंतपणासाठी कुठे राहिली आहे, बहीण अमेरिकेत आहे का, लग्नाला किती वर्षे झाली. आज मी याच विषयावर बोलणार आहे.

आधी या नावांचे थर वेगळे करून पाहू. युद्धकाळात न्यू यॉर्कच्या सोव्हिएत वाणिज्य दूतावासात अनातोली याकोव्हलेव्ह नावाचे एक अधिकारी होते. त्यांचे खरे आडनाव यात्स्कोव्ह. पासपोर्टवर आणि दूतावासाच्या दप्तरात ते याकोव्हलेव्ह, मॉस्कोला जाणाऱ्या तारांमध्ये ‘अलेक्सेई’, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांना भेटणाऱ्या अमेरिकन निरोप्यासाठी केवळ ‘जॉन’. म्हणजे एक नाव यजमान देशाच्या सरकारसाठी, एक स्वतःच्या कचेरीसाठी आणि एक हेरासाठी. यांपैकी तारेतले नाव हे निव्वळ कचेरीचे असे. ज्या हेराला ते दिलेले असे, त्याला बहुधा त्याची कल्पनाही नसे.

ही पद्धत माणसांपुरती मर्यादित नव्हती. तारांमध्ये प्राचीन शहरांची नावे घेऊन न्यू यॉर्कला ‘टायर’, वॉशिंग्टनला ‘कार्थेज’ आणि सॅन फ्रान्सिस्कोला ‘बॅबिलॉन’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ‘कॅप्टन’, चर्चिल ‘रानडुक्कर’, अमेरिकेचे परराष्ट्र खाते ‘बँक’ आणि अणुबाँबचा प्रकल्प ‘एनॉर्मोझ’. कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य म्हणजे ‘गाववाले’, तर सोव्हिएत लष्कराची स्वतंत्र हेरसंस्था म्हणजे ‘शेजारी’. एवढा खटाटोप शत्रूला चकवण्यासाठी होता असे वाटेल, पण शत्रूला रोखण्याचे काम गुप्तलिपीचे होते. सांकेतिक नावांचा मोठा उपयोग होता तो घरातल्याच माणसांपासून बचाव करण्यासाठी, कारण तारा लिपीत घालणाऱ्या आणि सोडवणाऱ्या कारकुनाच्या हाताखालून प्रत्येक संदेश जातो. सप्टेंबर १९४५मध्ये ओटावा इथल्या सोव्हिएत वकिलातीतला लिपी-कारकून इगोर गुझेंको कागदांसह कॅनडाच्या आश्रयाला गेला, तेव्हा ही भीती किती रास्त होती ते दिसून आले.

गुप्तलिपी दुहेरी होती. प्रत्येक शब्दाला संकेतकोशातून एक अंकगट मिळे आणि त्या अंकांत एकदाच वापरायच्या वहीतले यादृच्छिक अंक मिळवले जात. अशी वही खरोखर एकदाच वापरली, तर संदेश कुणालाही फोडता येत नाही. परंतु १९४२च्या सुरुवातीला, युद्धाच्या ताणात, त्या वह्यांची हजारो पाने दोनदा छापली गेली. फेब्रुवारी १९४३मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉल या पूर्वी मुलींची शाळा असलेल्या इमारतीत अमेरिकन लष्कराने या तारांचा अभ्यास सुरू केला. त्याची सुरुवात जीन ग्रॅबील या माजी शिक्षिकेने केली, आणि पुढे या कामाला ‘व्हेनोना’ हे नाव पडले.

इथे एक गोष्ट मला विलक्षण वाटते. रशियन संकेतकोशात परदेशी नावे कुठून असणार? ती अक्षर-अक्षर करून लिहावी लागत आणि त्यासाठी कोशात अक्षरांचे एक स्वतंत्र कोष्टक होते. मेरेडिथ गार्डनर या भाषातज्ज्ञाने आधी त्या कोष्टकाचा माग काढला, आणि डिसेंबर १९४६मध्ये त्यांच्यासमोर १९४४च्या एका तारेत अणुबाँबवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची यादी उलगडली. नावे लपवण्यासाठी उभारलेल्या या व्यवस्थेला पहिले भगदाड पडले, ते नावे लिहाव्या लागल्यामुळेच.

१९४८पासून एफबीआयचे रॉबर्ट लॅम्फियर गार्डनर यांच्याबरोबर काम करू लागले. तारेतला तुटका तपशील घ्यायचा, तो कुणाच्या आयुष्याशी जुळतो ते सरकारी दप्तरांत शोधायचे आणि न जुळणारी माणसे एकेक करून वगळायची, असे हे चिकाटीचे काम होते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘होमर’. वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीतून रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या पत्रव्यवहारातला मजकूर मॉस्कोला पोहोचत होता, हे तारांवरून कळले होते. संशय अनेकांवर होता, अगदी खालच्या कर्मचाऱ्यांवरही. १९५१च्या वसंतात आणखी एका तारेचा तुकडा उलगडला. त्यात जून १९४४मध्ये होमरची पत्नी न्यू यॉर्कला आपल्या आईकडे असून बाळंतपणाची वाट पाहत आहे, असा उल्लेख होता. हा तपशील डोनाल्ड मॅक्लीन या अधिकाऱ्याला तंतोतंत लागू पडला. त्यांच्यावर कारवाई होण्याआधीच २५ मे १९५१ रोजी ते गाय बर्जेस या दुसऱ्या ब्रिटिश हेरासह इंग्लंडमधून निसटले, कारण व्हेनोनाची माहिती असलेले वॉशिंग्टनमधले ब्रिटिश अधिकारी किम फिल्बी स्वतःच मॉस्कोचे हेर होते आणि त्यांनी वेळीच इशारा पोहोचवला. तारांमध्ये त्यांचे नाव ‘स्टॅनली’.

अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स यांचा मागही असाच लागला. तारांमध्ये आधी ‘रेस्ट’ आणि नंतर ‘चार्ल्स’ असलेला हा माणूस बाँबसाठीच्या युरेनियमविषयीचा एक शास्त्रीय अहवाल देतो आणि त्याची बहीण अमेरिकेत राहते, एवढे तपशील फुक्स यांच्यापर्यंत पोहोचायला पुरेसे ठरले. जानेवारी १९५०मध्ये लंडनला त्यांनी कबुली दिली. मग त्यांचा निरोप्या कोण, हा प्रश्न आला. फुक्स त्याला ‘रेमंड’ म्हणून ओळखत होते; तारांमध्ये तो आधी ‘गूस’ आणि मग ‘आर्नो’. प्रत्यक्षात तो हॅरी गोल्ड नावाचा फिलाडेल्फियाचा रसायनतज्ज्ञ निघाला. जून १९४५मध्ये, अणुबाँबची प्रयोगशाळा असलेल्या लॉस अलामोसजवळच्या अल्बुकर्क शहरात, गोल्डने त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डेव्हिड ग्रीनग्लास या हेराची भेट घेतली. ओळख पटवण्यासाठी जेली पावडरच्या खोक्याचा एक कापलेला तुकडा एकाकडे आणि त्याला जुळणारा दुसरा तुकडा दुसऱ्याकडे होता. एवढी खबरदारी घेणारा हा माणूस तिथल्या हिल्टन हॉटेलात मात्र स्वतःच्या खऱ्या नावाने उतरला, आणि हॉटेलच्या नोंदीचे ते कार्ड पुढे रोझेनबर्ग दांपत्यावरच्या खटल्यात पुरावा म्हणून आले.

कधी कधी तर नाव झाकलेलेच नसे. १२ नोव्हेंबर १९४४च्या न्यू यॉर्कच्या तारेत थिओडोर हॉल या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचे नाव सरळ लिहिलेले आहे: वय १९, वडील फरचा धंदा करणारे, हार्वर्डचा पदवीधर. त्याला सांकेतिक नाव अजून मिळायचे होते. नंतर ते ‘म्लाद’, म्हणजे तरुण, असे ठरले. त्याच महिन्याच्या २७ तारखेच्या तारेत ‘लिबरल’, म्हणजे ज्युलियस रोझेनबर्ग, याच्या पत्नीची माहिती आहे. तिचे नाव एथेल, वय २९, लग्नाला पाच वर्षे झालेली, १९३८पासून ‘गाववाली’, नवऱ्याच्या कामाची तिला कल्पना आहे, प्रकृती नाजूक असल्याने ती काम करत नाही, असे त्यात म्हटले आहे. तिला कोणतेही सांकेतिक नाव दिलेले दिसत नाही. हेरगिरीच्या आरोपावरून ज्युलियससह तिला १९ जून १९५३ रोजी सिंग सिंग तुरुंगात देहदंड झाला. हॉल याची १९५१मध्ये चौकशी झाली, पण त्याने काही कबूल केले नाही. गुप्त ठेवलेली तार न्यायालयात मांडता येत नव्हती, म्हणून त्याच्यावर खटलाच झाला नाही. एकाच महिन्याच्या दोन तारांत खऱ्या नावानिशी नोंदल्या गेलेल्या दोन माणसांच्या वाट्याला आलेली ही तफावत मला आजही अस्वस्थ करते.

तारांच्या पलीकडे दुसरा एक प्रकार होता, आणि तो अधिक कठीण होता. ज्यांना वकिलातीचा आसरा नसे, अशा हेरांना नाव पुरत नसे. त्यांना जन्मापासूनचे पूर्ण आयुष्य लागे. विल्यम फिशर यांचा जन्म १९०३चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. १९४८मध्ये अमेरिकेत शिरताना त्यांच्याकडे अँड्र्यू कायोटिस या मरण पावलेल्या लिथुआनियन-अमेरिकनाचा पासपोर्ट होता. पुढे ब्रुकलिनच्या फुल्टन स्ट्रीटवर चित्रकार म्हणून वावरताना ते एमिल गोल्डफस झाले. ही ओळख न्यू यॉर्कमध्ये जन्मून तान्हेपणीच दगावलेल्या एका मुलाची होती. जन्माची नोंद एका कचेरीत आणि मृत्यूची दुसरीकडे, आणि दोन्ही ताडून पाहणारे कुणी नाही, या उणिवेवर हे सगळे उभे होते. त्यांचा साहाय्यक रेनो हैहानेन १९५२मध्ये आला तो युजीन माकी बनून. खऱ्या माकीला आईवडिलांनी लहानपणीच आयडाहोहून एस्टोनियाला नेले होते, त्यामुळे त्याचा जन्मदाखला अमेरिकेत होता आणि त्याला मोठा होताना पाहिलेले तिथे कुणी नव्हते.

हैहानेन १९५७मध्ये अमेरिकेच्या बाजूला गेला आणि त्याने आपल्या वरिष्ठाचा माग दिला. २१ जूनला पकडल्यावर फिशर यांनी आपले नाव रुडॉल्फ आबेल असल्याचे सांगितले. ते त्यांच्या एका दिवंगत सहकाऱ्याचे नाव होते. वर्तमानपत्रांत ते छापून आले की आपण पकडलो गेलो आहोत आणि तोंड उघडलेले नाही, हे मॉस्कोला कळावे, अशी त्यामागची योजना होती. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनच्या सीमेवरच्या ग्लीनिके पुलावर, सोव्हिएत कैदेत असलेले अमेरिकन वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली, तीही आबेल म्हणूनच.

व्हेनोनाच्या तारा १९९५मध्ये खुल्या झाल्या. त्यांतली कितीतरी सांकेतिक नावे अजून कुणाची हे ठरलेले नाही, आणि ज्यांची ठरली त्यांतही खात्रीच्या पायऱ्या आहेत. ‘लिबरल’विषयी गंभीर अभ्यासकांत आता वाद उरलेला नाही. ३० मार्च १९४५च्या तारेतल्या ‘आलेस’विषयी मात्र तो आहे. आलेस १९३५पासून ‘शेजाऱ्यां’साठी काम करतो आणि रूझवेल्ट, चर्चिल व स्टालिन यांच्या याल्टा परिषदेनंतर मॉस्कोला जाऊन आला, असे ती तार सांगते. एफबीआयने तो बहुधा परराष्ट्र खात्यातले ॲल्जर हिस असावा, अशी नोंद केली. काही अभ्यासकांनी त्याच प्रवासातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवले. हिस यांचे नाव सर्वांत जास्त जुळते असे माझे मत आहे, कारण याल्टाहून मॉस्कोला गेलेली मंडळी मोजकी होती आणि १९३५पासूनचा संबंध त्यांतल्या फार थोड्यांना लागू पडू शकतो. तरीही ही जुळणी ‘होमर’इतकी घट्ट नाही. तिच्यात बायको, बाळंतपण, माहेर अशी एकाच माणसावर बसणारी खूण नाही. ती कुठे असलीच तर ‘शेजाऱ्यां’च्या, म्हणजे सोव्हिएत लष्करी हेरसंस्थेच्या, मॉस्कोतल्या दप्तरात असेल, आणि ते दप्तर संशोधकांसाठी खुले झालेले नाही.