तिसरा डोस राहिलेले दंतवैद्य

श्रोतेहो, नमस्कार.

हिपॅटायटिस बी, म्हणजेच ब प्रकारच्या काविळीच्या लशीबद्दल दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना विचारले, तर ‘लस नको’ असे म्हणणारा क्वचितच भेटतो. ‘दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय,’ हे उत्तर मात्र वारंवार ऐकू येते. विरोध करणाऱ्याशी निदान वाद तरी घालता येतो. लशीवर पूर्ण विश्वास ठेवून ती पुढच्या सुट्टीवर ढकलणाऱ्याला काय सांगावे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

या लशीचा दुसरा डोस पहिल्यानंतर एका महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात घ्यायचा असतो. मधल्या काळात परीक्षा येतात, पोस्टिंग बदलते आणि तारीख निघून जाते. मग ‘आता सगळे पहिल्यापासून घ्यावे लागेल’ या समजुतीने उरलेला डोसही घेतला जात नाही. ही समजूत चुकीची आहे. उशीर कितीही झाला असला, तरी राहिलेला डोस घेऊन क्रम पूर्ण करता येतो.

दंतवैद्याचे काम अरुंद जागेत, धारदार हत्यारांनी आणि रक्त मिसळलेल्या लाळेत चालते. दाढ काढताना, स्केलिंग म्हणजे दातांवरचे कीटण खरवडताना, विशेषतः भुलीच्या इंजेक्शनची वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालताना ती बोटात शिरते, आणि हातमोजा सुईला अडवत नाही. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर ब काविळीची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. तरीही सुई टोचलेला इंटर्न घाबरून आधी विचारतो, तो एचआयव्हीबद्दलच. ज्या आजारावर लस नाही त्याची धास्ती वाटावी आणि ज्यावर आहे त्याचा विसर पडावा, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

‘आमच्या लहानपणी सगळ्या लशी झाल्या आहेत,’ हा दुसरा भरवसा. भारतात या लशीचा सरकारी कार्यक्रमात प्रायोगिक समावेश २००२ मध्ये झाला आणि ती देशभर लागू झाली २०११ मध्ये. आज बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, वर्गात बसलेली मुले त्याआधी जन्मलेली आहेत. काहींना बालरोगतज्ज्ञांनी ती दिली असेल, काहींना नसेल, आणि लसीकरणाचे कार्ड कोठे आहे हे पुष्कळदा आईलाही आठवत नाही.

ज्येष्ठांची अडचण वेगळी. ‘तीस वर्षे दवाखाना चालवतोय, काही झाले नाही,’ असे ते म्हणतात. पण या विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतो. डोळे पिवळे झाले नाहीत, म्हणून लागण झालीच नाही असे ठरत नाही. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासून घ्यावे. ते दर मिलिलिटरला १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके (एमआययू) किंवा त्याहून जास्त असले पाहिजे. निरोगी प्रौढांपैकीही ५ ते १० टक्के जणांत तीन डोसांनंतर पुरेसा प्रतिसाद दिसत नाही. अशांना तीन डोस पुन्हा द्यावे लागतात, आणि त्यानंतरही प्रतिसाद न मिळालेल्यांना सुई टोचल्यास शक्यतो २४ तासांत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन लागते. आपण या गटात आहोत का, हे आधीच माहीत असलेले बरे. लस घेऊनही टायटर न करणाऱ्यांत डॉक्टरांची संख्या कमी नाही, आणि त्याला मी निव्वळ आळस म्हणेन.

या चर्चेत सहसा कोणाच्याच ध्यानात न येणारी व्यक्ती म्हणजे दवाखान्यातील मदतनीस. रुग्ण उठून गेल्यावर ट्रेमधील हत्यारे तीच गोळा करते, धुते आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावते. वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. तिच्या लशीची चौकशी फारसे कोणी करत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे. खाजगी दवाखान्यात मात्र तो खर्च आणि तिन्ही तारखांची नोंद डॉक्टरांनीच सांभाळायला हवी, आणि मदतनीस बदलली की ती नोंद नव्याने सुरू करायला हवी.