मोबदल्यापलीकडचा प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू आणि कामगार कायदा

श्रोतेहो, महाविद्यालयीन खेळाडूंना पैसे द्यावेत की देऊ नयेत, हा अमेरिकेतला शंभर वर्षांचा वाद १ जुलै २०२५ रोजी व्यवहारापुरता मिटला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू ग्रँट हाऊस आणि त्याच्यासोबतच्या खेळाडूंनी ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यानुसार माजी आणि आजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत मिळायची आहे, आणि १ जुलैपासून सुरू झालेल्या पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट आपल्या खेळाडूंमध्ये वाटण्याची मुभा मिळाली आहे. एवढे झाल्यावरही हे खेळाडू कायद्याच्या दृष्टीने कुणाचेही कामगार नाहीत. माझ्या मते आज खरा प्रश्न तोच आहे, आणि पैशाच्या गाजावाजात तो मागे पडला आहे.

कामगार असणे म्हणजे नुसते वेतन घेणे नव्हे. कामावर इजा झाली तर भरपाई, कामाच्या तासांवर मर्यादा, जागेच्या सुरक्षिततेची हमी, संघटना बांधण्याचा आणि मालकासमोर बसून वाटाघाटी करण्याचा अधिकार, हे सगळे त्या एका ओळखीला जोडलेले आहे. नेमके हेच अधिकार खेळाडूंना मिळू नयेत म्हणून १९५०च्या दशकात मोठी खटपट झाली. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठातील अर्नेस्ट नेमेथ या जखमी फुटबॉलपटूला (फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकन फुटबॉल) कामगार म्हणून भरपाई मंजूर केली. दोनच वर्षांनी त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला आणि त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. याच काळात एनसीएएचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘स्टुडंट-ॲथलीट’, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू, ही संज्ञा नियमपुस्तिकेत रुजवली. आपल्या खेळाडूंना भरपाई कायद्याखालचे कामगार ठरवले जाण्याची धास्ती हे तिच्यामागचे कारण होते, हे बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहून ठेवले, आणि ज्या व्यवस्थेचे ते शिल्पकार होते तिच्यावर त्यांनी कठोर टीकाही केली.

या निर्णयांची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर केंट वॉलड्रेप यांचे उदाहरण पुरेसे आहे. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाकडून १९७४ मध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि शरीर लुळे पडले. पुढे त्यांनी कामगार भरपाईसाठी दाद मागितली; सव्वीस वर्षांनी, २००० साली, टेक्ससच्या अपील न्यायालयाने ते विद्यापीठाचे कामगार नव्हते असा निर्णय दिला. विद्यापीठाच्या गणवेशात, विद्यापीठाच्या प्रशिक्षकाच्या हुकमानुसार, विद्यापीठाने लावलेल्या सामन्यात मणका मोडलेला माणूस विद्यापीठासाठी काम करत नव्हता, हे मला आजही पटवून घेता येत नाही.

महाविद्यालय फुटबॉलच्या धंद्यात नाही, हे विधान १९५७ मध्येसुद्धा लंगडे होते. पण १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे समूह स्वतःचे करार करू लागले, तेव्हापासून ते विधान टिकणे अशक्यच होते. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०१६ मध्ये वाढवलेला करार आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरचा आहे. महाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम फेरीच्या स्पर्धेसाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०२४ मध्ये सहा वर्षांकरिता सुमारे ७८० कोटी डॉलरचा करार केला. अनेक राज्यांमध्ये सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी दूर केले, तेव्हा करारानुसार त्यांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे झाले. काम थांबवण्यासाठी एका माणसाला एवढी रक्कम देणारी व्यवस्था, काम करणाऱ्या मुलांना मात्र हौशीपणाचे महत्त्व समजावत होती. त्याच्या नऊच वर्षे आधी, २०१४ मध्ये, कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने आपण काही रात्री उपाशी झोपतो असे पत्रकारांना सांगितले, आणि त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरचे निर्बंध उठवले.

न्यायालयांनी पुढे काय केले, ते थोडक्यात सांगतो. एका व्हिडिओ गेममध्ये आपलीच प्रतिमा पाहून माजी महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये एनसीएएवर दावा लावला आणि हौशीपणाच्या भिंतीला पहिले भगदाड पडले. २०२१ मध्ये, खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादांबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्पष्ट लिहिले की एनसीएए कायद्याच्या वर नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले. हे सर्व निकाल बाजारातील स्पर्धेच्या कायद्याखालचे आहेत. त्यांनी खेळाडूला विकणारा म्हणून मोकळे केले. राबणारा म्हणून त्याच्या पदरात काही पडले नाही.

राबणारा म्हणून त्याची बाजू सर्वांत ठामपणे मांडली गेली ती शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. २०१४ मध्ये तेथील फुटबॉल संघाने केन कोल्टर या आपल्या सहकाऱ्याच्या पुढाकाराने कामगार संघटनेची मागणी केली. त्यांनी पगारवाढ मागितली नव्हती. डोक्याच्या इजांपासून संरक्षण, खेळ संपल्यानंतरचा वैद्यकीय खर्च आणि शिष्यवृत्तीची शाश्वती, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ या संघराज्यीय यंत्रणेच्या प्रादेशिक संचालकांनी साक्षीपुरावे तपासले. ऑगस्टच्या शिबिरात आठवड्याला पन्नास ते साठ तास आणि हंगामात चाळीस ते पन्नास तास ही मुले फुटबॉलला देत होती. समाजमाध्यमांवर काय लिहावे, बाहेरची नोकरी करावी की नाही, कोठे राहावे, यांवर प्रशिक्षकांचे नियंत्रण होते. वैद्यकशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्या कोल्टरला रसायनशास्त्राचा आवश्यक वर्ग सकाळच्या सरावाशी जुळत नसल्याने वेळेवर घेता आला नाही. संचालकांनी शिष्यवृत्तीधारक फुटबॉलपटू कामगार आहेत असा निर्णय दिला आणि मुलांनी मतदानही केले. परंतु २०१५ मध्ये मुख्य मंडळाने या प्रकरणात अधिकार वापरण्यासच नकार दिला, आणि मतपत्रिका कधी मोजल्याच गेल्या नाहीत. मुले कामगार नाहीत, असे मंडळाने म्हटले नाही. प्रतिस्पर्धी विद्यापीठे बहुतेक सरकारी असून ती आपल्या कक्षेत येत नाहीत, म्हणून एकाच संघापुरता निर्णय दिल्यास स्थैर्य येणार नाही, एवढेच त्याचे कारण होते. न्याय सगळ्यांना देता येत नाही म्हणून समोर उभ्या असलेल्यालाही द्यायचा नाही, ही भूमिका मला मान्य नाही.

आपल्यातल्या अनेकांची मुले-मुली, पुतण्या-भाच्या अमेरिकेत शिकायला गेल्या आहेत. त्यांपैकी कित्येक जण विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा भोजनगृहात तासांच्या हिशेबाने काम करतात, कोणी प्राध्यापकांचे सहायक असतात. ते विद्यार्थी आहेत म्हणून त्यांचे वेतन कोणी नाकारत नाही. विद्यार्थीपण आणि नोकरी एकत्र नांदू शकतात, हे अमेरिकन विद्यापीठे रोज मान्य करतात, आणि खासगी विद्यापीठांतील अध्यापन सहायकांना कामगार मानणारा निर्णय मंडळाने २०१६ मध्ये दिलाही आहे. वेतनासाठी एनसीएएविरुद्ध लढलेल्या जॉन्सन खटल्यातील खेळाडूंनी हाच मुद्दा पुढे केला : सामन्याच्या दारात तिकिटे तपासणारा विद्यार्थी तासाच्या वेतनावर आहे, आणि ज्याला पाहण्यासाठी ती तिकिटे विकली गेली तो विद्यार्थी नाही. फिलाडेल्फियाच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये या खटल्यात एक कसोटी आखून दिली. दुसऱ्यासाठी सेवा, मुख्यतः त्या दुसऱ्याच्याच फायद्याकरिता, त्याच्या नियंत्रणाखाली, आणि उघड किंवा गर्भित मोबदल्याच्या बदल्यात घडत असेल, तर खेळाडू कामगार ठरू शकतो. हौशीपणाचा शिक्का मारला, एवढ्यावर प्रश्न निकाली निघत नाही. मला ही कसोटी न्याय्य वाटते, कारण ती खेळाला काम म्हणत नाही. तो कोणत्या परिस्थितीत काम होतो, ते पाहते.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. शिष्यवृत्ती हाच मोबदला आहे, असे म्हणतात. खासगी विद्यापीठातील चार वर्षांचे शिक्षण, निवास आणि भोजन यांची किंमत मोठी असते, हे खरेच. पण १९७३ नंतर अनेक वर्षे ती शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने द्यायची होती आणि प्रशिक्षकाची मर्जी उतरली की ती जाऊ शकत होती. कामगिरीवर अवलंबून असलेला मोबदला ही नोकरीचीच खूण आहे. दुसरा आक्षेप असा की मोजकेच क्रीडा विभाग स्वतःच्या उत्पन्नावर चालतात, त्यामुळे वेतन द्यावे लागले तर पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांचे संघ बंद पडतील. ही भीती मी गंभीरपणे घेतो, कारण अमेरिकेचे किती तरी ऑलिंपिकपटू याच संघांतून येतात. तरीही कोट्यवधींचे प्रशिक्षक आणि एकाहून एक भव्य सराव संकुले ज्या पैशातून उभी राहिली, तो पैसा खेळाडूला द्यावा लागत नव्हता म्हणूनच तिकडे वळला, हे विसरून चालणार नाही. स्त्रियांचा प्रश्न मात्र मला सर्वांत अवघड वाटतो. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि त्यातून महिला क्रीडेचे सगळे विश्व उभे राहिले. हाऊस तडजोडीतील भरपाईचा फार मोठा वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी तिला अपिलात आव्हान दिले. बाजार ज्याला किंमत देतो त्यालाच पैसे मिळावेत, हे सूत्र शिक्षणसंस्थेत जसेच्या तसे लागू होऊ देऊ नये, असे माझे मत आहे. इजेची भरपाई आणि सुरक्षितता यांना तर बाजारभाव नसतोच. त्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांना सारख्याच मिळाल्या पाहिजेत.

मग प्रत्येक महाविद्यालयीन खेळाडू कामगार का? नाही. डार्टमथ महाविद्यालयात खेळाची शिष्यवृत्ती दिली जात नाही. तरी तेथील पुरुष बास्केटबॉल संघाला प्रादेशिक संचालकांनी २०२४ मध्ये कामगार ठरवले आणि संघाने तेरा विरुद्ध दोन मतांनी संघटनेत जाण्याचे ठरवले. त्या वर्षाच्या अखेरीस मंडळाची राजकीय घडण बदलणार हे दिसताच हा अर्ज मागे घेण्यात आला. त्या मुलांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण रेषा आखायचीच असेल तर मी ती मोठ्या प्रक्षेपण करारांवर चालणाऱ्या संघांपाशी आखेन, कारण नियंत्रण आणि फायदा ही दोन्ही लक्षणे तेथे निःसंशय आढळतात.

अमेरिकन काँग्रेससमोर मात्र याच्या उलट दिशेचा प्रस्ताव आहे. २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलेल्या ‘स्कोअर’ विधेयकात एनसीएएला स्पर्धा कायद्यापासून मर्यादित संरक्षण देण्याची आणि खेळाडूंना कामगार मानता येणार नाही अशी तरतूद आहे. संपूर्ण देशाला एकच नियम हवा, ही त्यामागची गरज मला मान्य आहे. त्यावरचा सरळ उपाय अमेरिकेच्या व्यावसायिक क्रीडेत अनेक दशकांपासून आहे : खेळाडूंच्या संघटनेशी सामूहिक करार केला, तर त्या करारातील वेतनमर्यादा आणि संघ बदलण्याचे नियम न्यायालयात सहसा टिकतात. विद्यापीठांना हवे असलेले स्थैर्य याच वाटेने मिळेल. तिच्यासाठी समोरच्या बाजूला कोणीतरी बसलेले मात्र हवे. सरकारी विद्यापीठांनाही लागू होईल असा वाटाघाटीचा अधिकार, विद्यार्थी व्हिसावर खेळणाऱ्या परदेशी मुलांचे शिक्षण कामगार ठरल्यामुळे धोक्यात येणार नाही अशी दुरुस्ती, आणि इजेची कायमस्वरूपी जबाबदारी, हे तीन विषय विधेयकात यायला हवेत. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांवर ऑगस्ट २०२४ पासून खेळ सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंतच्या उपचारांचे बंधन आले आहे, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण वीस वर्षांच्या वयात निकामी झालेला गुडघा किंवा मेंदूला बसलेला मार दोन वर्षांत संपत नाही, म्हणून ही मुदत काढून टाकण्यापासून सुरुवात व्हावी, असे मी सुचवतो.